साठीचं नाक

इख्लासने कातडीखालच्या शिरेसाठी लाल दोऱ्याचा बारीकसा तुकडा चिमट्याने उचलला आणि नाकपुडीच्या कडेला सिलिकॉनमध्ये दाबून बसवला. मग दुसरा, जरा तिरका. इतक्यात वीज गेली. पंखा घरघरत थांबला, जनरेटरचा दिवा लागला आणि साच्यावरचं गव्हाळ नाक एकदम पिवळं पडलं. तिने चिमटा टेबलावर आपटला. बगदादमध्ये माणसाच्या कातडीचा रंग तासभर एकसारखा राहील तर शपथ.

डॉक्टर लुअयने दारातून डोकं आत घातलं.

"आले ते. अबू मुंधिर आणि त्यांची बायको. आणि उम्म यसार, ते जरा..."

यसारची आई म्हणून इख्लासला इथे सगळे उम्म यसार म्हणायचे.

"ठाऊक आहे. आधी कुठे होतात म्हणून विचारलं तर प्रयोगशाळेत."

"मी काय हौसेने सांगतो का?"

हौसेने सांगत नव्हता, हे खरं. मध्यंतरी एक मुलगा आपल्या आईला अर्ध्या उपचारांवरून उठवून घेऊन गेला होता. नट्यांची तोंडं रंगवणारी बाई माझ्या आईच्या तोंडाला हात लावणार, असं जिन्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला होता. तेव्हापासून इख्लास प्रयोगशाळेतली झाली. मालिकांचं काम आटलं तेव्हा तिला नोकरी देणारा हा एकटाच माणूस, त्यामुळे तिला त्याच्याशी भांडताही येईना. पण कोणी नुसतं "पूर्वी" म्हटलं तरी ती विषय बदलायची. उभा जन्म तिने कॅमेऱ्यासमोर जखमा केल्या होत्या. स्फोटाचा प्रसंग असला की निर्माते आधी तिला फोन करायचे, मग कॅमेरावाल्याला. तिने रंगाने भाजवलेला एक पोरगा तसाच घरी गेला, तर त्याची आई दारातच बेशुद्ध पडली होती. ह्या कामाचा तिला अभिमान होता, आणि आता तो सांगायची चोरी झाली होती.

अबू मुंधिर, म्हणजे मुंधिरचे वडील, आत आले. उंच, वाकलेले, पांढरी मिशी, आणि डोळ्यांखाली घट्ट बांधलेला रुमाल. मुंधिर शाळेत जायला लागला त्या वर्षी ह्यांच्या नाकात गाठ निघाली, आणि गाठीबरोबर नाकही गेलं. तेव्हापासून हा माणूस मोजकंच बोलायचा. बाकीचं बोलणं उम्म मुंधिरच्या वाट्याला आलं होतं, आणि त्या बाईने त्यात काही कसर ठेवली नव्हती.

"गुरुवार परवावर आला गं बाई," ती बसायच्या आधीच म्हणाली. "ह्यांचा धाकटा भाऊ नवा कोट शिवून बसलाय. ह्यांना नाही जमलं तर मी आहेच, म्हणतो. तो आहेच. तो बोलायला लागला की मुलीला मागायच्या ऐवजी स्वतःच्या गाड्या मोजून दाखवेल!"

गुरुवारी मुंधिरसाठी मुलगी मागायला जायचं होतं. दोन्हीकडच्या पुरुषांची बैठक भरते, मुलीकडची कॉफी येते, आणि मुलाचा बाप ती उचलत नाही. कप तसाच समोर ठेवून तो मागणी घालतो. मुलीकडच्या वडीलधाऱ्याने "प्या आता" म्हटलं की मगच पितो. तोवर सगळ्या बैठकीचे डोळे त्याच्या तोंडावर. मुलाची मागणी आपणच घालायची, एवढी एकच गोष्ट अबू मुंधिरनी ह्या वयात स्वतः बोलून मागितली होती.

इख्लासने रुमाल सोडला, कातडी पुसली, गोंद लावला आणि नाक बसवलं. कडा बोटाने दाबत गेली. शिवण दिसेना. गालाचा रंग आणि नाकाचा रंग असे मिळाले, की डॉक्टर लुअय नकळत एक पाऊल पुढे आला. काम फत्ते झालं, असं तिला वाटलं, आणि तिने आरसा दिला.

अबू मुंधिरनी बराच वेळ आरशात पाहिलं. मग उम्म मुंधिर उठून समोर आली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"हे मुंधिरचं नाक आहे."

"त्याचं कुठलं? ह्यांचंच आहे," इख्लास म्हणाली. "तुम्ही दिलेल्या फोटोवरून केलंय."

"अगं, तो फोटो आमच्या लग्नाच्या वेळचा! ह्यांचा चांगला असा तेवढाच आहे. पोराने बापाचं तेव्हाचं नाक उचललंय, ते घेऊन तो आता बोहल्यावर चढेल. पण ह्यांना कसं शोभेल?"

इख्लासने पुन्हा पाहिलं. मिशी पांढरी, गाल ओघळलेले, डोळ्यांखाली पिशव्या, आणि मधोमध हे ताठ, गुळगुळीत, नवऱ्या मुलाचं नाक. कुठल्याही डॉक्टरने ही चूक केली नसती. ही मेकअपवाल्याचीच चूक होती. मालिकेत आधीच्या प्रसंगाचा फोटो समोर ठेवायचा आणि चेहरा त्याबरहुकूम उभा करायचा. चित्रीकरणात महिन्याचा खंड पडो की वर्षाचा, चेहरा फोटोतलाच हवा. हात त्याच सवयीने चालला होता. मधली सगळी वर्षं तिने माणसाच्या तोंडावरून पुसून टाकली होती.

अबू मुंधिरनी आरसा मांडीवर पालथा ठेवला आणि खिशात रुमाल चाचपला.

"धाकट्याला सांग," ते बायकोला म्हणाले. आवाज पोकळ, पण शब्द स्पष्ट होते. "त्यालाच बोलू दे."

"थांबा!" इख्लास जवळजवळ ओरडलीच. "मी ह्याला म्हातारं करते."

"दोन दिवसांत?" डॉक्टर लुअयने विचारलं.

"न व्हायला काय झालं? एका नटाला मी तिशीचा सत्तरीचा केला होता, तोही रोज..."

आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

"नटाला?" उम्म मुंधिर म्हणाली.

डॉक्टर लुअय बंद पंख्याकडे बघायला लागला. इख्लासने हात पुसले, पुन्हा पुसले. आता खोटं बोलायला सुचतही नव्हतं आणि तसं बोलावंसंही वाटत नव्हतं.

"मी प्रयोगशाळेत कधीच नव्हते. मालिकांत मेकअप करायचे. जखमा करायचे, भाजलेलं करायचे, माणसं म्हातारी करायचे. तुम्हाला जायचं असेल तर जा. नाकाचे पैसे नकोत."

अबू मुंधिरचा हात खिशातच राहिला होता.

"म्हातारं करता येतं?"

"येतं. खरं तर तेच येतं."

"मग कर," ते म्हणाले. "मी कसा दिसलो असतो, ते मला बघायचंय."

त्यांनी खुर्ची स्वतःच खिडकीपाशी ओढली. इख्लास समोर बसली आणि विचारत सुटली. तुमच्या वडिलांचं नाक शेवटी कसं होतं? लोंबलं होतं, टोकाला. दारू? अल्ला माफ करो, तरुणपणी थोडी. काम काय करायचात? पाटबंधारे खात्यात, जमीनमोजणीला, दुर्बिणीला डोळा लावून दिवसभर उन्हात. कुठल्या बाजूने ऊन यायचं? ह्या प्रश्नावर अबू मुंधिर चक्क हसले. आजवर साहेबांनीसुद्धा विचारलं नव्हतं, म्हणाले, पण डावीकडून समज.

"आणि चष्मा?"

"चाळिशीतच लागला असता. पण नाकच नव्हतं, ठेवू कशावर? पेपर हात लांब करून वाचतो."

"हात आता पुरत नाहीत ह्यांचे," उम्म मुंधिर म्हणाली आणि ओढणीने डोळे टिपले. हसून पाणी आलं होतं की कशाने, ते तिने सांगितलं नाही.

दोन दिवस इख्लास त्या नाकाच्या मागे लागली. टोक खाली ओढलं, भोकं मोठी केली, डावीकडे उन्हाचे डाग दिले. दोन्ही बाजूंना, न लागलेल्या चष्म्याच्या दोन खुणा दाबल्या. गुरुवारी दुपारी तिने ते स्वतः बसवलं. अबू मुंधिरनी आरशात पाहिलं, डागावर बोट ठेवलं आणि "हं" म्हणाले. एवढंच.

त्या संध्याकाळी तिला घरात बसवेना. बाहेर भट्टीसारखा उन्हाळा, बैठकीत पन्नास माणसं, वर कॉफीची वाफ. गोंद घामाने सुटतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तिने सामून पावात अंडं आणि अंब्याचं लोणचं भरलं, एक घास खाल्ला, बाकीचा तसाच ठेवला. फोन उचलला, ठेवला. मुलगी मागायला गेलेल्या घरी कोणी फोन करत नसतं. शुक्रवारही तसाच गेला. लेकाने, यसारने, विचारलं, "आई, तू सारखी नाकाला का हात लावतेस?" तेव्हा तिला कळलं की लावतेय.

शनिवारी उम्म मुंधिर खजूर भरलेल्या क्लेचा बिस्किटांचा डबा घेऊन दवाखान्यात उगवली.

"मिळाली का मुलगी?" इख्लासने विचारलं.

"ऐकशील का नीट? आम्ही बायका आतल्या खोलीत, दाराच्या फटीला डोळे लावून. कॉफी आली. ह्यांनी कप ठेवला. आणि काय बोलले गं! मी ह्यांच्याशी लग्न केलं तेव्हा असे बोलायचे. कोणी टक लावून बघत नव्हतं, सगळे ऐकत होते. मुलीचा आजोबा, हाज नासिफ, तोच त्यांच्यातला मोठा. तो 'प्या' म्हणणार, इतक्यात ह्यांनी हात वर केला. म्हणाले, 'हाजी, जरा थांबा.' आणि नाक काढून रुमालावर ठेवलं."

"सुटलं होतं?" इख्लास उठून उभी राहिली.

"सुटतंय कुठलं! ओढून काढलं. म्हणाले, 'तुमची मुलगी आमच्या घरात नांदणार. मी हे झोपताना काढून ठेवणार. तिने एखाद्या सकाळी दचकू नये, म्हणून आजच बघून घ्या. हे टीव्हीवर मेकअप करणाऱ्या एका बाईने केलंय. आधी तिने मला तरुण केला होता, मग म्हातारा केला.' माझा दीर तर कोटासकट पांढरा पडला."

"आणि हाज नासिफ?"

"डोक्यावरचं कापड नीट करत बसला. कधीचा आपला तेच करतोय. मला वाटलं, मोडलं. मग म्हणाला, 'नाक लावून घे बाबा, कॉफी गार होतेय.'"

इख्लास मटकन खुर्चीत बसली आणि हसत सुटली. डॉक्टर लुअयने डब्यातून क्लेचा उचलला आणि खाल्ला. उम्म मुंधिरने त्याला दुसरा दिला.

ती जाऊन तासही झाला नसेल, तेवढ्यात डॉक्टर लुअय पुन्हा दारात आला. तोंड जरा अवघडलेलं होतं.

"बाहेर एक म्हातारे आलेत. एकटेच. विचारतायत, टीव्हीवाली बाई कुठे बसते."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, इथे बसते."

काठी टेकत म्हातारा आत आला. डोक्यावर लाल चौकड्यांचं कापड, वर काळं कडं, दोन्ही बाजूंनी कापड गालांपर्यंत ओढलेलं. त्याने डॉक्टरकडे अशा नजरेने पाहिलं की डॉक्टर बाहेर गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

"माणसं म्हातारी करणारी ती तूच?"

"मीच. आपण?"

"नासिफ. मुलीचा आजोबा."

तो बसला. कडं काढून मांडीवर ठेवलं. मग कापडाला हात घातला आणि तिथेच थांबला. इख्लासने घाई केली नाही.

"लढाईत गेला," तो म्हणाला. "बायकोला माहीत होतं. ती वारली. आता घरात कोणाला माहीत नाही."

त्याने कापड उतरवलं. उजवीकडे कानाच्या जागी आक्रसलेली कातडी आणि एक भोक होतं. इख्लासने वाकून पाहिलं, मग दिवा न लावता त्याला हळूच खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"तरुण नको हं मला," हाज नासिफ म्हणाला.

"नाही करणार."

"आणि जरा लवकर कर. मुलाच्या लग्नात चोबीच्या नाचाला सगळे उठले, डोक्यावरची कापडं काढून हवेत फिरवत नाचले. मी बसून राहिलो. पोराला वाटलं, बाप नाराज आहे." त्याने मांडीवरचं कापड हाताने सारखं केलं. "नातीचं पुढच्या महिन्यात आहे."