धापेमागचा आकडा

मित्रांनो, गुलबर्ग्याकडच्या आळंदच्या बसस्टँडमागे एका छोट्या लॅबमध्ये दिवसभर घरघरणारं मी एक थकलेलं रक्ततपासणी यंत्र आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड मोजणं हे माझं काम. श्वासातून हा वायू बाहेर जातो, पण रक्तात तो बहुतेक बायकार्बोनेटच्या रूपात राहतो आणि आम्लाला आवर घालतो. फुफ्फुसं आणि मूत्रपिंडं मिळून हा तोल सांभाळतात. तोल ढळला की माझा आकडा हलतो; आम्ल वाढलं की तो उतरतो. का ढळला, ते मात्र मला सांगता येत नाही.

नवं असताना माझं कौतुक झालं. आता नळ्यांत क्षार साचतात, धूळ बसते. मागच्या महिन्यात कुणीतरी रक्ताची नळी उघडीच ठेवली. वायू उडून गेला, आकडा खोटाच कमी आला आणि बोल मला लागला. मालक सोमशेखर मला भंगारात काढायचं म्हणू लागले.

त्यानंतर आठवड्याभरात कडगंची गावचे भीमराज मुलीला, शिवकन्येला, शेजारच्या दवाखान्यात घेऊन आले. दोन दिवस तिला उलट्या होत होत्या, बोलतानाही धाप लागत होती. साखर खूप वाढलेली निघाली. गोळ्या घेऊन घरी जावं, असं भीमराजांना वाटत होतं. छाती साफ असूनही हा श्वास असा का, ही तिथल्या डॉक्टरीणबाईंची शंका होती. त्यांनी रक्त लॅबमध्ये पाठवलं.

माझा आकडा आला आठ. निरोगी माणसाचा साधारण तेवीस ते एकोणतीस असतो.

लॅब सांभाळणाऱ्या रूपालीनं आकडा पाहिला. तिला माझा भरवसा वाटेना. मला राग आला नाही. राग यायलाही बळ लागतं. मला खोटं ठरवून ती मोकळी झाली असती, तर पोर घरी गेली असती. पण रूपालीनं माझ्या नळ्या धुतल्या, मला तपासलं आणि पुन्हा रक्त घेऊन नळीचं झाकण घट्ट लावलं.

पुन्हा आठच.

डॉक्टरीणबाई भीमराजांना घेऊन स्वतः लॅबमध्ये आल्या. "अण्णा, ह्यो दमा न्हाई. इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठलंय. ते बाहेर टाकायला पोरगी धापा टाकायलीय. आत्ताच गुलबर्ग्याला मोठ्या दवाखान्यात न्या."

"घरी नेली असती तर?" भीमराजांनी विचारलं.

"वाचली नसती," म्हणत बाईंनी गुलबर्ग्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली.

शिवकन्या वाचली. आता ती इन्सुलिन घेते आणि कॉलेजला जाते. परवा तपासणीला आली, तेव्हा माझ्याकडे तिचं लक्षही गेलं नाही. तिचा आकडा पंचवीस आला.

माझ्या जागी लवकरच नवं यंत्र येईल. त्याला रोज धूत जा, मित्रांनो. आणि तेही एक दिवस थकेल. तेव्हा त्याचा आकडा पटला नाही, तर त्याला खोटं म्हणण्याआधी एकदा परत विचारा.