दिव्याखालचा चष्मा

“अहो, चष्मा कुठंय तुमचा?” ताईनं विचारलं.

भावोजींनी कपाळ चाचपलं, खिसा चाचपला, मग खाली पाहिलं. चष्मा दिव्याखाली, काचेवरच राहिला होता.

मी शिडीवर चढून कारखान्यातल्या त्यांच्या खोलीतला पंखा दुरुस्त करत होतो, त्यामुळे सगळं वरून दिसलं. ताई द्रव घोटून दोन काचांमध्ये ओतायची, भावोजी त्यावर अतिनील दिवा लावायचे. उजेड लागला की द्रवाचे धागे एकमेकांत गुंततात आणि फिल्म बनते. फिल्म कसली, आमची आत्याच! ऊन करून घडी घाला, निवू द्या, गप्प पडून राहील. पुन्हा गरम झाली की जुनं सगळं आठवून पहिल्यासारखी उलगडते.

“आरपार तर दिसतं यातून!” भावोजी म्हणाले.

“तुम्हाला दिसतं, दिव्याला नाही. किरण अडवणारा म्हणून मीच घ्यायला लावला ना? तो काढून दिव्याचा काळा चष्मा घातलात, आणि हा ठेवलात तो नेमका काचेवर!”

त्यांनी चष्मा उचलला. खाली काचेत, किरण न पोचलेल्या जागी, द्रवाचाच दुसरा चष्मा मिटल्या डोळ्यांनी पडला होता.

आणखी एक फिल्म बिघडली, तर दिव्याचं काम यंत्राकडे आणि भावोजी खोकी भरायला, असं कारखाना चालवणाऱ्या मॅडमनी कालच बजावलं होतं.

“काचा उघडू नका,” ताई कुजबुजली. “परत लावा दिवा.”

दिवा लागला. मी श्वास असा रोखला, की शिडीसुद्धा डुगडुगायची थांबली.

मॅडम आल्या. फिल्म ऊन करून तिची घडी घातली, निववली आणि गरम पाण्यात सोडली. ती एका कोपऱ्यात जरा अडखळली, मग सपाट झाली.

“छान! दिवा दोनदा लागलेला दिसला मला बाहेरून. का लावलात पण?”

ताईनं डोळ्यांनी दटावलं. भावोजींनी तिकडे पाहिलंच नाही.

“माझा चष्मा राहिला होता काचेवर.”

“फिल्म तर बरी आहे. कशाला सांगितलंत?”

“उद्या फाटली, तर तुम्ही द्रवाला दोष द्याल. द्रव हिचा आहे.”

मॅडम हसल्या. “यंत्र राहू दे. आधी भिंतीला एक खुंटी ठोका.”

ती मीच ठोकली. भावोजींनी चष्मा टांगला, काळा चष्मा चढवला आणि आंधळ्यासारखा हात पुढे केला. ताईनं त्यावर नवी काच ठेवली.