अंजूच्या मेंदूचा फोटो

"घरात आणखी कोणी आहे का, ज्याचं ती ऐकते?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाय," पारू म्हणाली. "माझ्याबिगर ती कोनाचंच ऐकत नाय."

हे खोटं होतं. तिची पंधरा वर्षांची अंजू मशीनच्या खोलीबाहेर कान दाबून बसली होती, आईने कितीही ओढलं तरी आत जात नव्हती. स्वमग्न मुलांचा मेंदू कसा असतो, कसा चालतो, याचा अभ्यास मुंबईच्या त्या इस्पितळात चालला होता. एमआरआयच्या बोगद्यात वीस मिनिटं निपचित पडायचं. घरी सरावासाठी मशीनचा ठकठकाट मोबाइलवर आला होता. पारूने तो लावला की अंजू परसात पळून जाई. मग एके दिवशी धाकट्या जावेने, रंजिताने, बोगद्यासारखी म्हणून बाजेखाली गोधडी अंथरली, ठकठकाट लावून अंजूच्या तळपायावर हात ठेवला, आणि पोर गाणं ऐकावं तशी पडून राहिली.

लग्न होऊन दोन वर्षं नाही झाली, आणि ही! पंधरा वर्षं न्हाऊमाखू घातलं, चावे सोसले ते पारूने. आज रंजिता नवी साडी नेसून निघाली, तेव्हा पारूने तिला अडवलं. "शाळेत खिचडी कोन रांधंल? माझ्या जागी तू जा." आणि मुरबाडला येऊन दोघी मायलेकीच कल्याणच्या जीपमध्ये बसल्या.

"मग अभ्यासातून अंजूचं नाव कमी करावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

पारू चपापली. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोर अशी निपजली, हे सासूने अख्ख्या गावाला सांगितलं होतं.

"फोटोत दिसंल का, माझं काय चुकलं ते?"

"एका फोटोवरून कारण कळत नाही. शेकडो मुलांचे पाहावे लागतात. पण आईच्या चुकीने हे होत नाही. एवढं फोटोशिवायही सांगतो."

पारूने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "जाऊ हाय माझी. तिचं ऐकते."

पुढच्या मंगळवारी तिघी आल्या.

"आत एकीलाच थांबता येईल," नर्स म्हणाली.

रंजिता मागे सरली. "ताई, तुमी जा. तुमी आई."

क्षणभर पारूला जावंसं वाटलं. अंजूने मात्र रंजिताचा हात धरला होता.

"जा गो तूच," पारू म्हणाली.

आत धातू चालत नव्हता. रंजिताने मंगळसूत्र काढून पारूच्या हातात दिलं. अंजूने वळूनही पाहिलं नाही. दार लागलं, ठकठकाट सुरू झाला.

पारू बाकावर कान देऊन बसली. आता ओरडेल, आता आपल्याला हाक येईल. वीस मिनिटं आतून हूं की चूं झालं नाही. जावेचे काळे मणी तिच्या तळहातात रुतले होते.