फेस धरायचा नाही

नळीवर एक निळी रेघ होती, नखाएवढी, आणि थुंकी तिथपर्यंत आली पाहिजे असं लेक म्हणाली होती. फेस धरायचा नाही. आता थुंकीत फेस वेगळा आणि थुंकी वेगळी हे जन्मात कुणी पाहिलं होतं? सकाळपासून चहा नाही, पाणीसुद्धा नाही, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ही समोर बसलेली, हातमोजे घालून. आईसमोर हातमोजे... आईने पुन्हा गाल आत ओढले. तोंड कोरडं ठाक. जिच्या जिभेला घाबरून सगळी भावकी वाट बदलायची, तिच्या तोंडाला आज ओल नाही.

"सावकाश, आई. लिंबू आठव."

"लिंबू कशाला, तुझा काका आठवते. आपोआप थुंकावंसं वाटेल."

लेक हसली नाही. एरवी हसली असती.

अर्धं आयुष्य हिने त्या एका अवयवाचा पिच्छा पुरवला. जठरामागे दडून बसतो, स्वादुपिंड म्हणे – नाव बघा, जणू ताटात वाढायचाय. ह्यांना त्यातच कॅन्सर झाला. आधी पाठ दुखली, मग डोळे पिवळे, आणि कळलं तोवर डॉक्टर नजर चुकवायला लागले होते. ही तेव्हा कॉलेजात. डोळे पुसले आणि तोच विषय धरला : रक्तातून, पिढीतून काय उतरतं ते शोधायचं. उंदरांना रोग द्यायचा, उंदरांना औषध द्यायचं; उंदीर बरे व्हायचे, माणसं होती तशीच मरायची. 'आमची उंदरांची डॉक्टर' असं मी पाहुण्यांना सांगायचे. तिला लागायचं, लागू दे. लग्नाचं वय, पोराबाळांचं वय, सगळं त्या प्रयोगशाळेच्या गार कपाटात ठेवून आली, आणि हाती काय? ह्यांच्या एकूण एक भावाबहिणीच्या नसा टोचून झाल्या, काही सापडलं नाही. मी आपली म्हणतच राहिले, नीट शोध, त्या घराण्याचं रक्तच नासकं. माझ्या माहेरी माणसं म्हातारपणानेच जातात.

थोरला भाऊ तेवढा काविळीने गेला. कावीळच ती. डोळे पिवळे झाले म्हणजे कावीळ...

आणि काल लेक दारातून आत आली ती पर्स न ठेवताच बोलली. नवीन चाचणी बसवताना निरोगी माणसाचा नमुना हवा होता, जवळ कुणी नव्हतं, म्हणून हिने स्वतःचंच रक्त घातलं. पिढीतून उतरणारा तो दोष त्याच्यात निघाला.

"बाबांच्या गाठीचा तुकडा ठेवलेला होता, तो पुन्हा पाहिला. त्यात नाही. म्हणजे तुझ्याकडून आलं असेल, नाहीतर माझ्यातच नव्याने सुरू झालं असेल. तसं क्वचित होतं."

"आणि असलं म्हणजे होतंच का?"

"होतंच असं नाही. शक्यता वाढते. माझ्या बाबतीत किती, ते सांगता येत नाही."

"इतकं शिकून 'सांगता येत नाही' एवढंच शिकलीस?"

"हो," लेक म्हणाली. "एवढंच."

उलट बोलली असती तर बरं झालं असतं. रात्रभर आईने मनाशी घोकलं होतं : माझ्याकडून नाही, माझ्याकडचं काहीच नासकं नाही, थुंकायचीच नाही मी. आणि आता ही समोर, कानामागे पांढरे केस, बरगडीखाली नकळत हात दाबून धरलेला... तिथे दुखतंय का, विचारायला जीभ रेटेना.

पण माझ्याकडून असेल तर? तर हेच पोटात घेऊन मी इथवर आले की. दोन बाळंतपणं, सासू, ह्यांचं मरण, सगळं रेटलं आणि दात अजून स्वतःचे आहेत. भाऊ गेला, मी राहिले. आणि नसेल माझ्याकडून, तर ते हिच्यापासूनच सुरू, हे घेऊन हिच्याआधी म्हातारं झालेलं कुणीच नाही.

"माझ्यात निघालं तर बरं की वाईट?"

"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, आई."

"तुझ्या उंदरांवरून होतं का?"

आईने नळी ओठांशी धरली. चांगलं तेवढं आपलं आणि वाईट ते सगळं त्यांचं, अशी वाटणी जन्मभर केली, आणि आज तेच नासकं आपल्या नावावर निघावं म्हणून ती हट्टाला पेटली होती. आणि हा हट्ट धरायचा कुणाकडे ते कळेना, म्हणून आतल्या आत नुसती जळफळत होती.