मशीन बंद असतानाची नोंद

डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि म्हणाले, "तोंड तर छान आहे. ग्रेड एक. चालू ठेवा."

झुंबरबाईंनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. भिकाभाऊंच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती आणि ते ती उपरण्यानं टिपत होते, कारण गिळायची हिंमत होत नव्हती. सकाळी धरणगावहून निघताना त्यांनी दोन घोट पाणी घेतलं होतं, तेही डोळे घट्ट मिटून.

"साहेब, आठवडा झाला, यांनी पेजेशिवाय काही घेतलं नाही," त्या म्हणाल्या.

"शेक चालू असताना थोडं तोंड येतंच, मावशी." डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. दारात पुढचा पेशंट येऊन उभासुद्धा राहिला होता.

बाहेर येऊन झुंबरबाई बाकावर बसल्या. डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं नाही, टॉर्च लावला नाही. मग छान आहे हे त्यांना कळलं कशावरून? कागदावरून. आणि कागद कोण भरतं? पुनम सिस्टर.

भिकाभाऊंनी धरणगावच्या जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं कापसाच्या गाठी उचलल्या होत्या, आणि तितकीच वर्षं डाव्या गालात तंबाखूची चिमूट धरली होती. जानेवारीत त्याच गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. नंतर जळगावच्या या दवाखान्यात तीस शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे ठरले, सोमवार ते शुक्रवार, रोज एक. पहिल्याच दिवशी पुनम सिस्टर त्यांच्याकडे आली होती. शेकानं तोंडात फोड येतात, ते कमी कसे करायचे याचा दवाखान्यात अभ्यास चालू आहे, असं तिनं सांगितलं. अर्धे पेशंट नेहमीसारख्या गुळण्या करणार आणि अर्ध्यांना नर्स शिकवेल तशी तोंडाची निगा राखायची: मऊ ब्रश, दर दोन तासांनी मीठ-सोड्याच्या गुळण्या, ओठांना व्हॅसलीन. भिकाभाऊ दुसऱ्या गटात आले. सिस्टर रोज तोंड बघून शून्य ते चार असा आकडा लिहिणार होती. शून्य म्हणजे तोंड निरोगी, एक म्हणजे नुसती लाली, दोनला फोड येतात पण जेवण जातं, तीनला पातळच जातं आणि चारला तेही नाही. घरी झुंबरबाईंनी वहीत लिहायचं, गुळण्या किती, खाल्लं काय, दुखलं किती.

पुनम पिंपळनेरची. पहिल्या दिवशीच ती भिकाभाऊंशी अहिराणीत बोलली आणि ते खूश झाले. झुंबरबाईंनाही पोर आवडली होती. म्हणून तर आता मनात आलेली शंका त्यांना टोचत होती.

आधी त्यांनी नवऱ्यालाच धरलं. एसटीत बसल्यावर विचारलं, "सिस्टर इचारस तवय तुम्ही रोज बरं शे कसाले सांगतस?"

भिकाभाऊ बोटानं हनुवटी दाबत, जीभ न हलवता म्हणाले, "दुखस असं सांगं तर त्या शेक बंद करी देतीन."

म्हणजे खोटं इकडूनही होतं. झुंबरबाईंचा राग अर्धा उतरला. पेशंटच बरं आहे म्हणतो तर पोरगी काय लिहिणार? पण मग टॉर्च कशासाठी दिला आहे तिला? गालाच्या आत पांढरी साय धरल्यासारखे चट्टे होते. ते दिसायला टॉर्चसुद्धा लागत नव्हता. आणि आठवून पाहिलं तर गेल्या दोन आठवड्यांत पुनमनं तोंड किती वेळा बघितलं होतं? चारदा? पाचदा? बाकी दिवस ती लांबूनच, "काय नाना, ठीक?" असं विचारून हातातल्या फायली सावरत पुढे जायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पुनमच्या टेबलापाशी खुर्ची ओढली. पुनमला वॉर्डातून कुणी तरी हाक मारली, ती उठून गेली. भिकाभाऊंचा कागद समोर उघडाच होता. झुंबरबाईंनी चष्मा लावला.

चौदा दिवसांच्या चौदा चौकटी. शून्य, शून्य, शून्य, आणि मग ओळीनं एक, एक, एक. सगळे आकडे एकाच निळ्या पेनचे, एकाच तिरक्या चालीचे, कुठे खाडाखोड नाही, कुठे शाई कमीजास्त नाही.

एका बैठकीत भरलेलं रजिस्टर कसं दिसतं हे झुंबरबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी अंगणवाडी चालवली होती. रोजच्या रोज भरलेल्या कागदावर तीन-चार पेनं असतात, एखादा चहाचा डाग असतो, चुकून पुढच्या रकान्यात गेलेला आकडा खोडलेला असतो. त्यांची बोटं चौकटींवरून सरकत गेली आणि गेल्या आठवड्याच्या गुरुवारावर थांबली. गुरुवारी एक. शुक्रवारी एक.

त्या दोन दिवशी शेकाचं मशीन बिघडलं होतं. बुधवारीच दवाखान्यातून फोन आला होता, सोमवारीच या म्हणून. ते दोन्ही दिवस भिकाभाऊ घरी खाटेवर होते.

पावलं वाजली तशी झुंबरबाईंनी हात मागे घेतला. पुनम हसत आली, "बोला अक्का." झुंबरबाईंनी वही पिशवीत टाकली आणि त्या निघाल्या.

घरी पोचल्यावर मुलाला फोन लावला. प्रशील धुळ्याला शाळेत शिक्षक होता. "जय भीम, आई," म्हणून त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू भानगडीत पडू नकोस. अजून अठरा शेक बाकी आहेत. बाबांची ट्रीटमेंट त्यांच्याच हातात आहे." तो चुकीचं बोलत नव्हता. कुणाचा राग कुठे निघेल याचा भरवसा काय? त्या दवाखान्यात आता झुंबरबाईंना कशाचाच भरवसा वाटेना. सलाईनची बाटली लावली की त्या तिच्यावरचं नाव वाचत. मशीनच्या खोलीचं दार लागलं की आत खरंच शेक देतात का, अशीही शंका येई, आणि मग स्वतःचीच लाज वाटे.

शुक्रवारी दुपारी मात्र भिकाभाऊंचं वजन झालं. एकसष्टावरून चौपन्नावर आलं होतं. झुंबरबाई सरळ पुनमकडे गेल्या आणि तिला कँटीनमागच्या निंबापाशी घेऊन आल्या.

"गुरुवारले मशीन बंद व्हतं ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग तो एक कोनी लिखा?"

पुनमनं आधी काहीच न समजल्यासारखं केलं. मग म्हणाली, चुकून झालं असेल. मग म्हणाली, नाना रोज बरं आहे म्हणतात. शेवटी पुनमनं ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं.

"सेहेचाळीस पेशंट आहेत, अक्का. मी एकटी. त्यात वॉर्डात माणूस कमी असलं की तिकडेही मलाच बोलावतात. शनिवारी डॉक्टर फायली बघतात. कोरी चौकट दिसली की विचारतात, पगार कशाचा घेता? माझं दर सहा महिन्यांनी कंत्राट. म्हणून वेळ मिळेल तेव्हा एकदम बसून भरते."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे नाही." ती खाली बघत राहिली. "जे लांबून येतात, ज्यांना घाई असते, त्यांचे."

झुंबरबाईंना वाटलं होतं की कबुली ऐकली की बरं वाटेल. तसं झालं नाही.

"मी पण भरलंय असं," त्या म्हणाल्या. "वजनकाटा मोडला होता. तीन महिने नवा आला नाही आणि रजिस्टर तर मागायचे. मी पोरांची वजनं अंदाजानं लिहिली, दर महिन्याला शंभर ग्रॅम वाढवून. भिलाटीच्या वस्तीतली एक पोर होती, तिचंही वाढवलं. ती पोर वाळत चालली होती. कागदावर वाढत होती म्हणून तिला कुणी तालुक्याला पाठवलं नाही. शेवटी झटके आले तेव्हा नेली. जगली, पण एका पायानं अधू राहिली."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही," झुंबरबाई म्हणाल्या. "म्हणून तुला सांगते. तू स्वतः जाऊन सांग. बुधवारपर्यंत थांबते मी."

पुनमनं हो म्हणून मान हलवली. आणि त्याच पावली ती आत गेली, टॉर्च घेऊन आली, भिकाभाऊंचं तोंड नीट बघितलं आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. या वेळी डॉक्टरांनीही टॉर्च लावला. तासाभरात भिकाभाऊंच्या नाकातून नळी घातली, दुखण्यावर वेगळं औषध सुरू झालं, नळीतून दूध आणि नाचणीचं पातळ कसं सोडायचं ते पुनमनंच शिकवलं. चार दिवसांत माणसाच्या डोळ्यांत जीव आला. झुंबरबाई मनात म्हणाल्या, पोरगी वाईट नाही, सांगेल.

बुधवारी पुनमनं स्वतःहून त्यांना टेबलापाशी बोलावलं. चेहरा मोकळा दिसत होता. "हे बघा अक्का, दुरुस्त केलं."

समोर नवाकोरा कागद होता. गुरुवार-शुक्रवारच्या चौकटींत आडवी रेघ होती. बाकीच्या चौकटींत आकडे हळूहळू चढत गेले होते, एक, एक, दोन, दोन, तीन. एक आकडा खोडून पुन्हा लिहिला होता. पेनंही दोन वापरली होती, एक निळं, एक काळं.

पहिला कागद आळसानं भरला होता. हा विचार करून भरला होता.

"जुना कागद कुठे आहे?" झुंबरबाईंनी विचारलं.

"फाडला."

"डॉक्टरांना सांगितलंस?"

"आता काय सांगायचं? बरोबर झालं ना सगळं," पुनम म्हणाली, आणि तिला ते खरंच वाटत होतं, हे झुंबरबाईंना दिसलं. तेच सगळ्यात वाईट होतं.

त्या घरी आल्या. अभ्यासासाठी सही केलेल्या संमतीपत्राची प्रत ट्रंकेत, रेशन कार्डाच्या पाकिटात होती. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की अभ्यासाबद्दल तक्रार असल्यास एथिक्स कमिटीच्या सचिवांना फोन करावा, आणि खाली नंबर होता. इतक्या लोकांनी त्या पानावर सह्या केल्या असतील, तो नंबर लावला कुणी असेल? लागेल तरी का? लागला तर उचलणारा त्याच डॉक्टरांचा माणूस नसेल कशावरून? असा विचार करत करत त्यांनी नंबर लावला. एका बाईंनी उचलला. झुंबरबाईंनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं आणि मग सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "तुमची घरची वही आहे का?"

वही होती. तिच्यात त्या गुरुवारी लिहिलं होतं: गुळण्या सहा, पेज अर्धी वाटी, पाण्याला रडले.

पुढच्या सोमवारी कमिटीची तीन माणसं आली. त्यांनी सगळ्या फायली उचलल्या आणि अभ्यास थांबवला. पेशंटांना नवे ब्रश, गुळण्यांच्या पुड्या मिळायच्या, त्याही थांबल्या. शेकाच्या रांगेत उखर्डू नाना नेहमी भिकाभाऊंसाठी जागा धरून ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी जागा धरली नाही, पिशवी मांडीवर घेऊन तोंड फिरवलं. "तुमनामुये बठ्ठं बंद पडी गयं," एवढं म्हणाले. झुंबरबाईंनी घरून मीठ-सोडा आणून त्यांना पुड्या बांधून दिल्या. त्यांनी घेतल्या, पण बोलले नाहीत.

घरीही तेच. नळी लागल्यापासून भिकाभाऊंचा आवाज परतत होता आणि त्यांनी तो पहिल्यांदा बायकोवरच वापरला. "पोरनी नोकरी खाई टाकी तू. तिनीच मले वाचाडं."

"तिनंच मारलंही असतं," झुंबरबाई म्हणाल्या. पुढे दोघांत दोन दिवस बोलणं नव्हतं. त्या वेळेवर नळीतून दूध सोडत, ते डोळे मिटून पडून राहत.

कमिटीनं सेहेचाळीस फायली आणि पेशंटांच्या घरच्या वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. एकोणीस जणांच्या नोंदी जुळल्या नाहीत. त्या एकोणीस जणांना अभ्यासातून वगळलं, त्यात भिकाभाऊही गेले. झुंबरबाईंना हे पत्रानं कळवलं. पत्रात असंही होतं की यापुढे एका नर्सकडे पंधराहून जास्त पेशंट राहणार नाहीत आणि मशीन बंद असेल तर चौकट कोरीच सोडायची. डॉक्टरांचं काय झालं याबद्दल एक शब्द नव्हता. झुंबरबाईंनी पत्र दोनदा वाचलं, उलटून मागची बाजूही बघितली.

तिसावा शेक एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात झाला. पुनम त्याआधीच गेली होती. कुणी म्हणे काढलं, कुणी म्हणे तिनंच सोडलं.

जूनच्या मध्यावर अनोळखी नंबरवरून फोन आला. "अक्का, मी पुनम." तक्रार मागे घ्यायला सांगेल, असं पहिलं झुंबरबाईंच्या मनात आलं. दुसरं आलं की हिच्या शेजारी कुणी ऐकत बसलं असेल.

"नाना काय खातात आता?" पुनमनं विचारलं.

"दुधात भाकरी कुस्करून. नळी काढली."

"आणि तोंड?"

"उजवीकडे साफ आहे. डावीकडे एक चट्टा उरलाय, बोराएवढा."

पुनम म्हणाली की ती आता धुळ्यात एका दवाखान्यात वॉर्डात काम करते, कागदाचं काम नाही. आणि चट्टा महिनाभरात गेला नाही तर नानांना नक्की दाखवा, थांबू नका, असं तिनं दोनदा बजावलं.

"डावीकडे वर आहे की खाली?" तिनं विचारलं.

झुंबरबाई फोन कानाला धरून उठल्या, भिकाभाऊंना अंगणात उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि म्हणाल्या, "आ करा."