मला सोप्यात घेऊ नका

मी जन्मात कधी हळू बोललो नाही. दोरीला एक हिसका बसला की सगळ्या वस्तीला कळतं, बाळासोंच्या घरची लाईट गेली. मी पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर. इथं मला सगळे ‘मशीन’च म्हणतात. एवढा बोंबल्या असूनही एक गोष्ट मला कुणाला सांगता आली नाही. ती आज सांगतो.

माझी उमेदवारी आष्ट्याला गेली, जोतीराम मंडपवाल्याकडं. लग्नं, बारशी, जत्रेतली आइस्क्रीमची गाडी, सगळीकडं मिरवलो. ‘बंद करा रं ते, भटजी काय म्हणतोय ऐकू येईना,’ म्हणून लोक शिव्या घालायचे आणि माझ्याच उजेडात पोटभर जेवायचे. पुढं जोतीरामनं मोठा जनरेटर घेतला आणि मला वडूजकडच्या बाळासोंना विकलं. टेम्पोत चढवताना त्यानं बजावलं, “आबा, ह्येला उघड्यावर ठिवायचं बरं का. घरात न्हाई. ह्येचा धूर लय वाईट.”

“व्हय व्हय,” बाळासो म्हणाले. आणि पहिल्यांदा त्यांनी ते पाळलंही.

मला आणलं होतं लेकीसाठी. सोनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, पण अगदी मूठभर. डॉक्टरांनी सांगितलं, हिची ऊब तुटू देऊ नका. म्हणून बाजेवर मोठा बल्ब टांगलेला. आमच्या माळावर लाईटीचा कसला भरवसा! ती गेली की बाळासो मला अंगणाच्या टोकाला लिंबाखाली ओढत न्यायचे आणि तिथून लांब वायर खोलीत सोडायचे. मी बाहेर गर्जायचो, आत पोर निवांत झोपायची. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला स्वतःचा लय अभिमान वाटायचा.

मग झड लागली आणि एका पहाटे लाईट गेली. मशीन भिजलं तर करंट बसेल, म्हणून बाळासोंनी मला उचलून घरापुढच्या सोप्यात घेतलं. पाणी आत मारतंय म्हणून सोप्याला पुढून ताडपत्री बांधली. बाळंतिणीच्या खोलीचं दार सोप्यातच उघडतं, आणि मधून वायर गेल्यामुळं ते नीट लागत नव्हतं. खोलीला दुसरी वाट म्हणजे मागच्या परड्याकडची खिडकी. तिची फटन्‌फट सोनमच्या आईनं, बयाबाईंनी, जुन्या लुगड्याच्या बोळ्यांनी बुजवली होती. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही, असं त्यांच्या आईनं त्यांना शिकवलेलं. शेगडीवर ओव्याची, शेपांची धुरी चालूच होती. त्या वासात माझा वास कुणाला कळणार? आणि माझ्या धुरातलं जे खरं मारतं, त्याला तर वासही नसतो.

सकाळी सोनम म्हणाली, “आये, डोकं लय ठणकतंय. मळमळायला लागलंय.”

“वारं लागलं आसंल, दुसरं काय?” बयाबाईंनी खिडकीत आणखी एक बोळा कोंबला, लेकीच्या गळ्यापर्यंत गोधडी ओढली. “पड जरा. पोरीला मी चुलीपाशी न्हेते, तेल लावून न्हाऊ घालते.”

स्वयंपाकघराला मागचं दार होतं आणि ते उघडं होतं. म्हणून पोर वाचली, आजीही वाचली.

मध्ये एकदा बयाबाई डोकावल्या. बाळंतपणापासून पांढरीफटक पडलेल्या सोनमच्या गालांवर लाली आली होती. त्या माऊलीला केवढा आनंद झाला! मेंढरांकडून आलेल्या बाळासोंना म्हणाल्या, “आवं, बगा तरी, लेकीच्या तोंडावर कसं रगत आलंय. झोपू द्या तिला.”

ती लाली रक्ताची नव्हती, माझ्या धुराची होती. मी जीव तोडून ओरडत होतो. पण माझ्या ओरडण्याची त्यांना सवय झाली होती.

लाईट आली. बाळासोंनी मला बंद केलं. घर एकदम गप्प झालं, आणि चुलीपाशी पोर भुकेनं रडायला लागली. रडतच राहिली. आई काही उठली नाही.

डॉक्टरांनी बाळासोंना बाजूला घेऊन सांगितलं, मशीनच्या धुरानं गेली, खोलीत कोंडला. बाळासोंनी ते गिळून टाकलं. कारण घरी बयाबाई ऊर बडवून घेत होत्या, “वारं बाधलं माज्या लेकीला! कुटंतरी एक फट ऱ्हायलीच!” त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? मला गोठ्यामागं परड्यात टाकलं. कोंबड्या अंगावर बसायच्या, मी गप्प पडून असायचो.

परवा पुन्हा झड लागली. नात आता रांगते. तिला खोकला झालेला, त्यात लाईट गेली. बयाबाईंनी तिला त्याच खोलीत निजवलं आणि खिडकीत बोळे कोंबायला घेतले. ती खिडकी माझ्या समोरच आहे. “आवं, मशीन आणा की सोप्यात. पोरगी गारठंल.”

बाळासो आले ते हात हलवत. खिडकीपाशी जाऊन एकेक बोळा उपसायला लागले.

“याड लागलं का तुमास्नी? वारं लागंल तिला!”

“वारं नव्हतं गं ते,” बाळासोंचा आवाज फाटला. “आपली सोनी वाऱ्यानं न्हाई गेली. धुरानं गेली. डाक्टरनं तवाच सांगितलं हुतं मला.”

बयाबाई हातातल्या बोळ्याकडं बघत राहिल्या. “म्हंजी... मी कोंडलं व्हय तिला?”

“मशीन मी ठिवलं हुतं सोप्यात,” बाळासो म्हणाले. “जोतीरामनं सांगून बी.”

मग ती दोघं म्हातारी अशी रडली की माझ्या लोखंडालाही ऐकवेना.

मला भंगारात घाला, माझी काही तक्रार नाही. पण वापरणार असाल तर घरापासून लांब, उघड्यावर ठेवा, दारं-खिडक्यांच्या वाऱ्यालाही उभं करू नका. पाऊस मला सोसत नाही. पावसात मला बंदच ठेवा, अंधारात बसा.

परवा मला कुणी हलवलं नाही. बयाबाईंनी खिडकी उघडी टाकली, नातीला पदराखाली पोटाशी घट्ट बांधलं आणि लाईट येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. पोर घामेजली, एवढी ऊब होती. सोनमच्या वेळीही तेवढीच पुरली असती.