पोट सुटलेली भिंत

मी ओळंबा बोलतोय. पितळेचा, मुठीत मावेल एवढा, खाली टोकदार. दोरीला टांगलं की सरळ खाली लोंबायचं, एवढंच माझं काम. एवढंही ज्यांना जमत नाही अशी माणसं जगात फार आहेत, म्हणून मी सहसा कुणाशी बोलत नाही.

एका कारखान्यात लेथवर मला कातलं. दुकानात आम्ही दहाबारा जण टांगलेले. गिऱ्हाइकं यायची आणि चकाकी बघून निवडायची. एक तरुण गवंडी मात्र आला, त्याने मला गरकन फिरवून सोडलं, टोक डगमगत नाही ना ते डोळे बारीक करून पाहिलं आणि मगच खिशात घातलं. हा माझा माणूस, असं मी त्याच दिवशी ठरवलं.

पस्तीस वर्षं आम्ही भिंती उभ्या केल्या. मग त्याचा हात थरथरू लागला, काम सुटलं, आणि माझे हाल सुरू झाले. त्याच्या मुलाने मला घेऊन अक्रोड फोडले. खिडकी आपटते म्हणून मला फटीत कोंबलं. सरळपणाची घरातली किंमत एवढीच.

घर तरी कुठलं, भाड्याच्या दोन खोल्या. आता गवंड्याला सगळे बाबा म्हणत. त्यांनी तरुणपणी उतारावरची एक जागा घेतली होती, पण तिथे घर कधी झालं नाही. “ती माती खोटी आहे,” एवढंच बाबा सांगत. त्या जागेच्या खालच्या अंगाला माती धरून ठेवायला त्यांनीच बांधलेली एक दगडी भिंत होती. तिचं मधलं पोट चांगलंच पुढे आलेलं.

यंदा घरमालकाने वर्षअखेरीस खोल्या रिकाम्या करायला सांगितलं. मुलाने कपाळाला हात लावला. सुनेने मात्र घर बांधायचंच ठरवलं. तिच्याबद्दल मी वाकडं बोलणार नाही. पाया भरेपर्यंत गोड खाणार नाही असं तिने देवाला सांगितलं, आणि एक तरी खरा माणूस तो धाडेलच या भरवशावर ती बांधणारा शोधायला लागली. बाबांची एकच अट होती, माणूस ते स्वतः पारखणार.

त्यांनी मला फटीतून ओढलं, सदऱ्याला पुसलं आणि त्या जागेवर नेऊन एका झाडाच्या फांदीला टांगलं. उतारावर डोळा फसतो. पाय तिरके पडतात आणि सरळ वस्तू कललेली वाटते. येईल त्याला बाबा विचारायचे, “हा सरळ आहे का?”

पहिला आला तो कडक इस्त्रीचा. रस्ता सोडून खाली उतरला नाही. तिथूनच मान वाकडी करून म्हणाला, “थोडा डावीकडे गेलाय, काका. वाऱ्याने असेल.” वाऱ्याचा पत्ता नव्हता. तोंडावर मला वाकडा म्हणणारा हा पहिलाच.

दुसऱ्याने तीन पायांवर एक यंत्र उभं केलं. माझ्याकडे बघितलंही नाही. सगळा उतार कापून सपाट करू म्हणाला. कापलेली माती टाकायची कुठे आणि वरच्या शेजाऱ्याचं घर मग उभं कशावर राहायचं, याचं उत्तर यंत्रात नव्हतं. बूट मात्र छान होते.

तिसरा हसला. ओळंबा कधी वाकडा असतो का, म्हणाला. मला बरं वाटलं. पण बाबांनी त्यालाही वाटेला लावलं, फार बोलतो म्हणून. चौथ्यानेही बरोबर सांगितलं, तर त्याची नखं फार स्वच्छ निघाली. सुनेचा चेहरा उतरला. मी मनातून खूश होतो. बाबांनाही माझ्यासारखीच सगळ्यांची किळस आली आहे, असं मला वाटत होतं.

मुदतीतले चार महिने असे गेले. मग एक बुटकी बाई आली, वडिलांमागे बांधकामाचा धंदा चालवणारी. ती थेट उतार उतरून त्या भिंतीशी जाऊन बसली. भिंतीच्या पोटावर तळवा ठेवला, पायथ्याची माती चुरगाळून पाहिली आणि धापा टाकत वर आली. बाबांनी माझ्याकडे बोट केलं.

“तो सरळच असणार,” ती म्हणाली. “खालची भिंत कुणी बांधली?”

“का?”

“बांधलीय देखणी. कडा अजून ओळंब्यात आहेत. पण पाणी बाहेर पडायला एक भोक ठेवलं नाही. उताराचं सगळं पाणी मागे तुंबलं नि भिंत फुगली. मातीचा काही दोष नाही, बाबा. आधी ती पाडावी लागेल.”

सुनेने बाबांकडे पाहिलं, तेव्हा बाई समजली. तिने निघायला पिशवी खांद्याला लावली.

मला तो दिवस आठवला. भिंत बांधून दोन वर्षं झाली होती. बाबा एकटेच आले, तिच्या पोटासमोर मला टांगलं, मधलं अंतर बघितलं, दोरी गुंडाळून मला खिशात टाकलं. घरी जाऊन सांगितलं, माती खोटी आहे. मी खिशातच होतो. बांधताना थर न् थर सरळ आहे म्हणून मीच मिरवलं होतं. पाण्याला वाट लागते हे मला कुठे ठाऊक? मला फक्त खाली कळतं. आणि मी लोकांच्या बुटांना हसत होतो.

“मीच बांधली,” बाबा म्हणाले. मग सुनेकडे न बघता म्हणाले, “माती चांगली आहे गं. मी खोटं बोललो.”

“तीस वर्षं, बाबा?”

त्यांनी मान हलवली. ती चार पावलं लांब जाऊन पाठमोरी उभी राहिली. बाबांनी बाईला विचारलं, “पाडायला कधी येता?”

आता त्याच दगडांची नवी भिंत चढते आहे, मधे मधे पाणी जायला नळ्या सोडून. बाई मला वापरते, पण माझ्या शब्दावर सगळं सोडत नाही. बाबा खुर्ची टाकून बसतात आणि न विचारता सल्ले देतात.

तुम्हीही उतारावर घर बांधणार असाल तर एक विनंती आहे. माझ्यासारख्याला झाडाला टांगून माणसं पारखत बसू नका. येईल त्याला तुम्ही स्वतः बिघडवलेलं काम दाखवा आणि तो तोंडावर काय बोलतो ते ऐका. ऐकवत नसेल, तर भाड्याच्या खोल्या पुष्कळ आहेत.